चित्र कोठे उभे राहून पाहावे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे छायाचित्रकार ज्याला फोकल लेंग्थ म्हणतात ते, छायाचित्रातल्या यथार्थदर्शनावर (पर्स्पेक्टिव्हवर), म्हणजे जवळच्या-दूरच्या वस्तूंच्या आकारांवरून जाणवणाऱ्या खोलीवर, काही परिणाम करते की नाही, हा त्या सगळ्यांमागचा मूळ प्रश्न आहे. म्हणून या अंकात ती चारही एकत्र घेतली आहेत. पहिल्या उत्तराला बरीच जागा द्यावी लागली, कारण उरलेली तीन त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : छायाचित्रणाच्या वर्गात मी "टेलिफोटो (म्हणजे दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या, लांब नाभीय अंतराच्या) भिंगामुळे दृश्य चपटे होते" असे म्हणालो, तेव्हा शिक्षकांनी मला थांबवले. यथार्थदर्शन केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, भिंगाचा त्याच्याशी काही संबंध नसतो, असे त्यांनी सांगितले. पडताळून पाहावे म्हणून मी ट्रायपॉड न हलवता एकच दृश्य आधी ५० मिमीच्या आणि मग २०० मिमीच्या भिंगाने टिपले. पहिल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला, तर तो स्पष्टता सोडल्यास दुसऱ्या चित्राशी तंतोतंत जुळला. शिक्षकांचे म्हणणे सिद्ध झाले, हे मान्य. पण ही दोन्ही चित्रे मला चपटीच दिसतात आणि ५० मिमीचे मूळ अखंड चित्र तसे दिसत नाही. मग चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीच नाही. आपल्या शिक्षकांनी अर्धी गोष्ट सांगितली आणि ती पूर्णपणे खरी आहे. आपल्या डोळ्यांना जे जाणवले ते उरलेले अर्धे आहे.

आधी शिक्षकांची बाजू पाहू. एकाच उंचीचे दोन खांब एकामागे एक उभे आहेत आणि त्यांच्यात ५ मीटर अंतर आहे, असे समजा. कॅमेरा पहिल्या खांबापासून ५ मीटरवर असेल, तर दुसरा खांब १० मीटरवर येतो आणि चित्रात पहिला खांब दुसऱ्याच्या दुप्पट उंच दिसतो. कॅमेरा मागे नेऊन पहिल्या खांबापासून २० मीटरवर ठेवला, तर अंतरे २० आणि २५ मीटर होतात आणि उंचीचे प्रमाण केवळ सव्वापट उरते. या हिशेबात भिंग कोठेच आले नाही, हे लक्षात घ्यावे. कोणती वस्तू कोणाच्या किती पट दिसेल आणि कोणती कोणाला झाकेल, हे कॅमेरा जेथे उभा आहे तो बिंदू ठरवतो. भिंग बदलल्याने सेन्सरवर पडणारी संपूर्ण प्रतिमा सारख्याच प्रमाणात लहान किंवा मोठी होते आणि तिचा किती भाग चौकटीत मावेल तेवढे बदलते. म्हणूनच आपले कापलेले चित्र दुसऱ्याशी जुळले. ५० मिमीच्या चित्रातला तो भाग रुंदीत चौथा आणि क्षेत्रफळात सोळावा हिस्सा असल्यामुळे २ कोटी ४० लाख पिक्सेलच्या सेन्सरवरचे जेमतेम १५ लाख पिक्सेल आपल्या वाट्याला आले. स्पष्टता गेली ती त्यामुळे, भूमिती मात्र जागच्या जागी राहिली.

येथपर्यंत वाद नाही. मात्र छायाचित्र ही कोणीतरी पाहायची वस्तू आहे, आणि पाहणाराही कोठेतरी उभा असतोच. शिक्षकांचा नियम कॅमेऱ्याच्या जागेपाशी थांबतो आणि पाहणाऱ्याच्या जागेविषयी काही बोलत नाही.

एका खिडकीसमोर एक डोळा मिटून स्थिर बसावे आणि बाहेरचे दृश्य काचेवर शाईने जसेच्या तसे रेखाटावे, अशी कल्पना करा. रेखाटन पूर्ण झाल्यावर काचेवरची प्रत्येक रेघ बाहेरच्या वस्तूच्या कडेवर बरोबर बसते, पण ती फक्त त्याच एका जागेवरून. डोळा पुढे, मागे किंवा बाजूला सरकला की रेघा आणि वस्तू यांची फारकत होते. प्रत्येक छायाचित्र ही अशीच एक काच आहे आणि तिच्यासाठी डोळ्याची एक नेमकी जागा ठरलेली असते. ती जागा काढण्याचा हिशेब सोपा आहे : दूरच्या दृश्यासाठी भिंगाचे नाभीय अंतर गुणिले सेन्सरपासून प्रिंटपर्यंत झालेले विवर्धन. ३६ मिमी रुंद सेन्सरवरची प्रतिमा ३० सेंटीमीटर रुंद छापली, तर ती सुमारे ८.३ पट मोठी झाली. म्हणून २४ मिमीच्या भिंगाने घेतलेले चित्र २० सेंटीमीटरवरून, ५० मिमीचे सुमारे ४२ सेंटीमीटरवरून आणि २०० मिमीचे सुमारे १६७ सेंटीमीटरवरून पाहिले, तरच त्यातले कोन प्रत्यक्ष जागेवरून दिसलेल्या कोनांशी जुळतात. आपले कापलेले चित्रही याच हिशेबात बसते. तेथे ९ मिमीचा भाग ३०० मिमी झाला, म्हणजे विवर्धन ३३.३ पट; त्याला ५० ने गुणले की पुन्हा तेच १६७ सेंटीमीटर येतात. दोन्ही चित्रे सारखीच चपटी दिसली, कारण दोन्हींसाठी डोळ्याची योग्य जागा एकच होती आणि आपण त्या जागी नव्हता. हातात धरलेले चित्र आपण साधारण ४० ते ४५ सेंटीमीटरवरून पाहतो.

आता चपटेपणा नेमका कसा येतो ते पाहू. २०० मिमीचे ते चित्र आपण १६७ ऐवजी ४२ सेंटीमीटरवरून पाहता, तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू डोळ्याशी साधारण चौपट मोठा कोन करते. प्रत्यक्षात आपण दृश्याच्या जवळ गेलो असतो, तर जवळचा खांब दूरच्या खांबापेक्षा अधिक वेगाने मोठा होत गेला असता. चित्रात मात्र दोन्ही खांब एकाच पटीत मोठे होतात. ओळखीची वस्तू चौपट मोठी दिसली की मन ती चौपट जवळ आहे असे धरून चालते. म्हणून २० मीटरवरचा खांब ५ मीटरवर आणि २५ मीटरवरचा सव्वासहा मीटरवर असल्यासारखा भासतो. दोघांमधले खरे ५ मीटर सव्वा मीटरवर येतात. हाच तो चपटेपणा. दुर्बिणीतून गर्दीकडे पाहतानाही माणसे एकमेकांना चिकटून उभी असल्यासारखी दिसतात, आणि तेथे तर छायाचित्राचा प्रश्नच नसतो. आठपट दुर्बीण कोन आठपट करते आणि दृश्याची खोली तितक्याच प्रमाणात आवळते. वाइड अँगल, म्हणजे आखूड नाभीय अंतराच्या आणि रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाच्या चित्रात याच्या उलट घडते. २० सेंटीमीटरवरून पाहायचे चित्र आपण दुपटीहून थोड्या अधिक अंतरावरून पाहतो, सगळे कोन निम्म्याहून कमी होतात, आणि छोटी खोली दालनासारखी लांबच लांब दिसू लागते. घरांच्या जाहिरातींतली छायाचित्रे पाहून प्रत्यक्ष घर पाहायला गेलेल्यांना हा अनुभव बहुधा आला असेल.

हे ज्ञान जुने आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने तेथील बाप्तिस्मागृहाचे चित्र एका लहान फळीवर रंगवले आणि फळीलाच एक भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहायचे, अशी त्याची योजना होती. भोकाचा हेतू उघड आहे : पाहणारा एकाच डोळ्याने आणि ठरवून दिलेल्या बिंदूवरूनच पाहील, दुसरीकडून पाहूच शकणार नाही.

आपण मात्र भोकातून चित्रे पाहत नाही. चित्र पाहताना कोठे उभे राहायचे हे लोक बहुतांशी चित्राच्या आकारावरून ठरवतात. ते कोणत्या भिंगाने घेतले आहे याचा विचार त्यात नसतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले, आणि ५० मिमीच्या आसपासचे भिंग 'नॉर्मल' का वाटते याचे स्पष्टीकरणही त्यांनी त्यातूनच दिले. ३६ गुणिले २४ मिमीच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी असतो. चित्राच्या कर्णाइतक्या किंवा थोड्या अधिक अंतरावरून ते पाहायची आपली सवय असल्यामुळे ५० मिमीचे चित्र आपण नकळत योग्य जागेवरून पाहतो. भिंगात निराळा गुण नाही; गुण आहे तो आपल्या सवयीशी जुळण्यात.

चित्रगृहात कडेच्या खुर्चीवर बसूनही पडद्यावरचे चेहरे फारसे वाकडे वाटत नाहीत, मग अंतर चुकले तरी मन तशीच दुरुस्ती का करत नाही, अशी शंका येथे येऊ शकते. पडदा तिरपा दिसतो आहे हे दोन डोळ्यांना आणि पडद्याच्या चौकटीवरून कळते, म्हणून मन त्या तिरपेपणाची वजावट करू शकते. पण हे चित्र १६७ सेंटीमीटरवरून पाहायचे होते, हे सांगणारी कोणतीच खूण चौकटीवर नसते.

तेव्हा आपल्या शिक्षकांना एवढेच सुचवावे की नाभीय अंतराचा यथार्थदर्शनाशी संबंध आहे, मात्र तो चित्र घेण्याच्या जागी नसून पाहण्याच्या जागी आहे. आणि ते २०० मिमीचे चित्र भिंतीवर लावून, एक डोळा मिटून, पावणेदोन मीटरवरून पाहून घ्यावे. चित्र लहान वाटेल, पण खांब एकमेकांपासून दूर सरकतील.

प्रश्न : व्यक्तिचित्रासाठी ८५ मिमीचे भिंग चांगले, असे सगळीकडे वाचते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, दीडपट गुणकाचा. मी ८५ मिमीच घ्यावे की ५६ मिमीच्या आसपासचे? आणि फोनवरच्या सेल्फीत नाक मोठे येते, तो फोनच्या भिंगाचा दोष आहे का?

उत्तर : नाकापासून सुरुवात करू. नाकाचे टोक आणि कान यांच्यात सुमारे १२ सेंटीमीटरचे अंतर आहे असे धरा. फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटीमीटरवर येतात आणि नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठे टिपले जाते. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हेच प्रमाण १.०८ होते. दोष असलाच तर तो हाताच्या लांबीचा आहे. त्यात पाहण्याच्या अंतराची भर पडते. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा दृश्यकोन मोठ्या सेन्सरवरच्या २४ ते २८ मिमीच्या भिंगाइतका असतो, आणि पडद्यावर १४ सेंटीमीटर रुंद दिसणारे तसे चित्र खरे तर नऊ-दहा सेंटीमीटरवरून पाहायला हवे. तेवढ्या जवळून कोणी पाहत नाही आणि बहुतेकांना तेथे स्पष्ट दिसणारही नाही.

८५ मिमीची ख्याती याच हिशेबातून आली आहे. ३६ मिमीच्या सेन्सरवर ते भिंग लावून डोके आणि खांदे चौकटीत बसवायचे असतील, तर आपल्याला सुमारे दीड मीटरवर उभे राहावे लागते. तेच चित्र ५० मिमीने बसवायला ८८ सेंटीमीटरपर्यंत आणि २४ मिमीने बसवायला ४२ सेंटीमीटरपर्यंत पुढे जावे लागते, आणि तेवढ्या जवळून चेहरा फुगतो. चेहरा सुधारतो तो दीड मीटरमुळे. ८५ मिमीचे भिंग आपल्याला तेथे उभे राहायला भाग पाडते, इतकेच. आपल्या लहान सेन्सरवर कोणतेही भिंग दीडपट लांब भिंगाइतकेच अरुंद दृश्य टिपते, म्हणून तेथे ५६ मिमी हे काम त्याच अंतरावरून करील. ८५ मिमी घेतले, तर तीच चौकट साधायला सव्वादोन मीटरवर जावे लागेल. खोली मोठी असेल तर त्यातही वावगे काही नाही, चेहरा किंचित अधिक सपाट येईल आणि पुष्कळांना तसाच आवडतो.

प्रश्न : समूहचित्रात दोन्ही टोकांना उभी असलेली माणसे नेहमी रुंद दिसतात आणि त्यांची डोकी बाजूला ओढल्यासारखी येतात. भिंग २४ मिमीचे, नवे आणि महागडे आहे. ते सदोष निघाले आहे का?

उत्तर : भिंगाची परीक्षा डोक्यांवर करू नये, सरळ रेषांवर करावी. भिंत, दाराची चौकट किंवा फरशीची रेघ चित्राच्या कडेलाही सरळ येत असेल, तर भिंग आपले काम चोख करत आहे. सरळ रेषा वाकत असतील, तर तो भिंगाचा दोष म्हणता येईल.

डोकी ओढली जातात ती सपाट पृष्ठभागावर प्रतिमा पाडण्याच्या भूमितीमुळे. मध्यापासून दूर गेलेला गोल सपाट सेन्सरवर लंबवर्तुळाकार उमटतो आणि जसजसा कोन वाढतो तसतसे त्याचे ताणणे वाढते. २४ मिमीच्या चौकटीची बाजूची कड मध्यापासून सुमारे ३७ अंशांवर असते आणि तेथे हा ताण सव्वापट होतो. ३५ मिमीला तो १.१२ पट आणि ५० मिमीला जेमतेम १.०६ पट असतो. गंमत अशी की योग्य जागेवरून, म्हणजे ३० सेंटीमीटर रुंद प्रिंट असेल तर तिच्या बरोबर मध्यासमोर २० सेंटीमीटरवरून पाहिले, तर कडेचा भाग डोळ्याला तितकाच तिरपा दिसतो आणि ताणलेले डोके पुन्हा गोल होते. दुरून पाहिल्यावर ही भरपाई होत नाही, ताण तेवढा उरतो.

चित्रकारांनी या अडचणीतून फार पूर्वीच वाट काढली होती. व्हॅटिकनमधल्या 'अथेन्सची शाळा' या भित्तिचित्रात (१५०९ ते १५११) राफाएलने इमारतीची कमान आणि फरशी यथार्थदर्शनाच्या नियमाने रेखाटली, पण उजव्या कडेला दोन व्यक्तींच्या हातांत असलेले गोल मात्र नियमाप्रमाणे लंबवर्तुळाकार न काढता सरळ वर्तुळाकार काढले. नियम पाळला असता, तर दालनात कोठूनही पाहणाऱ्याला ते गोल चुकीचे वाटले असते. काही फोनमधले सॉफ्टवेअर कडेचे चेहरे शोधून आज हेच करते. त्या बदल्यात चेहऱ्याजवळची एखादी सरळ रेघ किंचित वाकते. विस्तृत दृश्यात रेषा सरळ आणि गोल वर्तुळाकार, असे दोन्ही एकाच सपाट चित्रात साधता येत नाही.

आपल्यापुरता उपाय साधा आहे. मागे सरकायला जागा असेल, तर ३५ किंवा ५० मिमीचे भिंग लावावे. जागा नसेल, तर माणसांच्या रांगा वाढवून त्यांना मध्याकडे आणावे आणि कडेची जागा मोकळी सोडावी. टोकांना सडपातळ माणसे उभी करण्याची युक्तीही प्रचलित आहे. ती उपयोगी आहे, पण तिचे कारण विचारले गेल्यास काय सांगायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

प्रश्न : आमच्या गटाच्या प्रदर्शनात २४, ५० आणि २०० मिमीच्या भिंगांनी घेतलेली चित्रे आहेत. सर्व प्रिंट एकाच आकाराच्या ठेवाव्यात की वेगवेगळ्या? आणि लोकांनी कोठून पाहावे यासाठी जमिनीवर खुणा कराव्यात का?

उत्तर : लोक भिंतीपासून सुमारे एक मीटरवर उभे राहतील असे धरले, तर वरच्या हिशेबाने ३६ मिमी रुंद सेन्सरवरचे २४ मिमीचे चित्र दीड मीटर रुंद, ५० मिमीचे ७२ सेंटीमीटर आणि २०० मिमीचे केवळ १८ सेंटीमीटर रुंद छापायला हवे. वाइड अँगलचे चित्र सर्वांत मोठे आणि टेलिफोटोचे सर्वांत लहान, असा हा क्रम होतो. प्रदर्शनांत बहुधा उलटेच दिसते : दूरच्या पक्ष्याचे चित्र भिंतभर आणि दरीचे विस्तीर्ण दृश्य पोस्टकार्डाएवढे. माझे मत असे की वाइड अँगलच्या बाबतीत हा हिशेब मनावर घ्यावा. दीड मीटर रुंद चित्रासमोर एक मीटरवर उभे राहिल्यावर पाहणाऱ्याला दृश्यात शिरल्यासारखे वाटते आणि कडांची ओढाताण नाहीशी होते. तेच चित्र लहान छापले तर हाती फक्त ओढाताण उरते. टेलिफोटोच्या चित्रांसाठी मात्र इतके काटेकोर राहू नये. एकावर एक रचलेल्या डोंगररांगा किंवा क्षितिजावरच्या झाडामागे टेकलेला भलामोठा चंद्र या चित्रांचे सौंदर्य चपटेपणातच आहे, आणि ती योग्य जागेवरून दाखवणे म्हणजे छायाचित्रकाराने साधलेला परिणाम पुसून टाकणे होय.

जमिनीवरच्या खुणांना मोठी परंपरा आहे. रोममधल्या सांत इन्यात्सिओ चर्चच्या छतावर आंद्रेआ पोत्सो याने सतराव्या शतकाच्या अखेरीस असे चित्र रंगवले की खऱ्या भिंती आणखी कित्येक मजले उंच जाऊन आकाशात उघडल्याचा भास होतो. कोठे उभे राहायचे ते दाखवणारी चकती तेथे फरशीत बसवलेली आहे, आणि तिच्यापासून दूर गेले की रंगवलेले खांब कलू लागतात. आपल्या प्रदर्शनात एखाद्याच मोठ्या वाइड अँगल चित्रासमोर अशी खूण करावी. प्रत्येक चित्रासमोर केली, तर लोक चित्रांऐवजी जमिनीकडे पाहत फिरतील.

लहान प्रिंटच दाखवायच्या असतील, तर त्यांच्याजवळ एक साधे वाचनभिंग ठेवता येईल. बहुतेकांना २५ सेंटीमीटरच्या आत स्पष्ट पाहणे कष्टाचे जाते. भिंग ती अडचण दूर करते आणि भिंगाचे नाभीय अंतर त्या चित्राच्या योग्य अंतराइतके असेल, तर कोनही आपोआप जुळतात. पारदर्शिकांच्या (स्लाइडच्या) काळात ५० मिमीच्या भिंगाने घेतलेली पारदर्शिका ५० मिमीच्याच भिंगातून पाहिली की ती अचानक खोल दिसू लागे, त्याचे कारण हेच. जर्मनीतल्या त्साइस कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खास याच कामासाठी 'व्हेरांट' नावाचे एका डोळ्याने पाहायचे भिंग बाजारात आणले होते. २४ मिमीच्या भिंगाने घेतलेले चित्र १५ सेंटीमीटर रुंद छापले, तर त्याला १० सेंटीमीटर नाभीय अंतराचे भिंग लागेल. ते चित्रापासून १० सेंटीमीटरवर धरून डोळा अगदी भिंगाजवळ आणायचा आणि दुसरा डोळा मिटायचा.